गर्दी वगळलेली दिल्ली

दिल्लीची सहल करून आलेल्या कुणाचाही फोन उघडून पाहा, फोटो ठरलेले असतात. चिमटीत पकडलेला कुतुबमिनार, हुमायूनच्या मकबऱ्यासमोर ओळीने उभे असलेले कुटुंब, लाल किल्ल्याचा लाहोरी दरवाजा, इंडिया गेट आणि शेवटी पराठेवाली गल्लीतली थाळी. हे फोटो निघत असताना एक वाक्य सारखे कानावर पडते, “अहो, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय!” माणसांनी ओसंडणाऱ्या शहराचा फोटो हवा, पण त्यात अनोळखी माणूस नको. ही हौस केवळ फोनवाल्यांची नाही. दिल्लीचे पहिले फोटो निघाले तेव्हापासून ती चालत आली आहे, आणि तिच्यामागे दर वेळी निराळे कारण होते.

दिल्लीच्या छायाचित्रणाचा आढावा घ्यायचा तर कॅमेऱ्यांच्या किंवा छायाचित्रकारांच्या पिढ्या मोजत जाता येईल. त्यापेक्षा उपयोगी प्रश्न एकच वाटतो: चौकटीत कोणाला घेतले आणि कोणाला बाजूला सारले? इमारत आणि रस्ता या शहरात एकमेकांना इतके चिकटून आहेत की एकाला वगळणे हा प्रत्येक वेळी निर्णय ठरतो. तो निर्णय कधी तंत्राने घेतला, कधी सत्तेने, कधी पोलिसांच्या पाटीने. आज तो बहुतेक वेळा आपणच घेतो.

रिकाम्या शहराचे फोटो

कॅमेरा येण्याच्या थोडे आधी, १८४७ मध्ये, सर सय्यद अहमद खान यांचे ‘आसारुस्सनादीद’ छापले गेले. दिल्लीच्या वास्तूंची ही पहिली मोठी सचित्र नोंद. कुतुबमिनारावरचे उंचावरचे शिलालेख वाचता यावेत म्हणून सय्यदसाहेब टोपलीत बसून लटकत असत, हा किस्सा प्रसिद्ध आहे. या पुस्तकात इमारतींच्या जोडीला दिल्लीतल्या समकालीन नामवंतांवर एक स्वतंत्र प्रकरण होते. १८५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते गळले. पुस्तक अधिक शिस्तशीर झाले, पण माणसे बाहेर गेली. पुढे कॅमेऱ्याने जे केले त्याची ही नांदीच म्हणायला हवी.

दिल्लीचे पहिले महत्त्वाचे फोटो १८५७ च्या उठावानंतरचे आहेत. आग्र्याचे डॉक्टर जॉन मरे, रॉबर्ट आणि हॅरिएट टायटलर हे दांपत्य आणि युद्धभूमीचे फोटो काढत फिरणारा फेलिस बिआतो ही यातली ठळक नावे. बिआतो १८५८ मध्ये भारतात आला. तोफांनी फुटलेला काश्मिरी दरवाजा, रिकाम्या मोर्चांच्या जागा आणि जामा मशिदीवरून दिसणारे शहर त्याने टिपले. या फोटोंत दिल्ली स्तब्ध, जवळजवळ निर्मनुष्य दिसते. त्याला एक तांत्रिक कारण होते. मरे वापरत असे त्या कागदी निगेटिव्हवर प्रकाश पडू द्यायला मिनिटे लागत, त्यामुळे चालता माणूस उमटतच नसे. पण हे कारण अर्धेच आहे. सप्टेंबर १८५७ मध्ये शहर हाती आल्यावर इंग्रजांनी रहिवाशांना तटाबाहेर हाकलले होते. हिंदूंना परतण्याची मुभा आधी मिळाली, मुसलमानांना फार उशिरा. जामा मशीद जप्त झाली, ती १८६२ मध्ये परत मिळाली. किल्ला आणि मशीद यांच्यामधली दाट वस्ती जमीनदोस्त झाली. बिआतोचे रस्ते ओस दिसतात याचे कारण रस्ते खरोखरच ओस पाडलेले होते. त्या ओसाडीचे वर्णन वाचायचे तर बल्लीमारानमध्ये मागे राहिलेल्या गालिबची पत्रे वाचावी लागतात. फोटो तेवढे सांगत नाहीत.

याच बिआतोने लखनौच्या सिकंदरबागेत सांगाडे मांडून फोटो काढला, लढाई होऊन काही महिने लोटल्यावर. म्हणजे फोटो जुना आहे म्हणून तो खरा, असे समजण्याची सोय पहिल्याच वर्षी संपली होती. दिल्लीच्या १८५८ मधल्या फोटोंत माणूस ठळक दिसतो तो एकाच प्रसिद्ध चित्रात: रंगूनला रवानगी होण्याआधीचा, बंदिवासात टेकून बसलेला बहादूरशहा जफर. इमारती रिकाम्या आणि बादशहा एकटा, अशी विजेत्यांना हवी तशी दिल्ली कॅमेऱ्याने दिली.

सॅम्युएल बोर्नने १८६० च्या दशकात या दृष्टीला सौंदर्याची जोड दिली. त्याचा कुतुबमिनार, त्याची तोललेली चौकट आणि प्रमाण कळावे एवढ्यापुरता कोपऱ्यात उभा केलेला एखादा स्थानिक माणूस हा साचा इतका रुजला की पुढची शंभर वर्षे पोस्टकार्डे आणि कॅलेंडरे त्यावरच निघाली.

दरबार आणि दरबारी

दुसरा टप्पा दरबारांचा: १८७७, १९०३ आणि १९११. आता चौकटीत माणसे आली, पण रांगेत, हुद्द्यानुसार आणि हत्तींवर. या काळातले सर्वांत मोठे भारतीय नाव लाला दीनदयाल यांचे. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा, म्हणजे आजच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातलाच. रुरकीला अभियांत्रिकी शिकून त्यांनी इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी धरली आणि तुकोजीराव होळकरांच्या आश्रयाने कॅमेरा हाती घेतला. पुढे निजामाने त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. १९०३ च्या दिल्ली दरबाराचे त्यांनी काढलेले फोटो आजही त्या सोहळ्याची मुख्य दृश्य नोंद मानले जातात.

१९११ च्या दरबाराचे तर किनेमाकलर पद्धतीने रंगीत चित्रीकरण झाले. १२ डिसेंबर १९११ रोजी याच दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन. वास्तुविशारद लट्यन्स आणि बेकर यांचा हा आराखडाच लांबून पाहण्यासाठी आखलेला आहे. राजपथाच्या, म्हणजे २०२२ पासूनच्या कर्तव्यपथाच्या, एका टोकाला उभे राहिले की समोर सरळ रेषा आणि शेवटी घुमट दिसतो. शाहजहानाबादच्या गल्ल्यांत पाच पावलांपलीकडचे दिसत नाही. एका शहरात दूरची नजर आणि दुसऱ्यात खांद्याला खांदा. दिल्लीच्या छायाचित्रकाराला या दोन अंतरांशी कायम झगडावे लागले आहे.

पाटीच्या बाजूला उभे नेहरू

माणूस दिल्लीच्या चौकटीत मोकळेपणाने आला तो स्वातंत्र्याच्या सुमारास, आणि त्याला वाट करून देणाऱ्यांत होमाई व्यारावाला अग्रभागी होत्या. १९१३ मध्ये नवसारीत जन्म, शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या त्या विद्यार्थिनी. १९४२ मध्ये ब्रिटिश माहिती सेवेच्या कामासाठी त्या पती माणेकशा यांच्यासह दिल्लीला आल्या. साडी नेसून, सायकलवर कॅमेऱ्याचे ओझे लादून ही बाई राजधानीभर हिंडत असे. पुढे गाडी घेतली तिचा क्रमांक डीएलडी १३, त्यावरून टोपणनाव पडले ‘डालडा १३’.

त्यांचा पालम विमानतळावरचा एक फोटो जवळून पाहण्यासारखा आहे. पंतप्रधान नेहरू कुणाची तरी वाट पाहत उभे आहेत आणि त्यांच्या शेजारीच मोठ्या अक्षरांतली पाटी आहे: फोटो काढण्यास सक्त मनाई. फोटोत काहीही घडत नाही. पण देशाचा सर्वांत जास्त फोटो निघणारा माणूस, बंदी घालणारी पाटी आणि ती न जुमानणारी छायाचित्रकार हे तिघे एका चौकटीत येतात. त्या काळात पुढारी आणि कॅमेरा यांच्यात किती थोडे अंतर होते, हे समजायला दुसरा पुरावा नको. ते अंतर वाढत गेले, सुरक्षेचे कडे दाट झाले, नव्या छायाचित्रकारांची वागणूक त्यांना पटेना, आणि १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

याच काळात परदेशी मासिकांसाठी आलेल्यांनीही दिल्लीला बदलत्या माणसांसकट पाहिले. मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्या १९४७ च्या एका चित्रात पुराना किल्ल्याच्या तटावर एक निर्वासित मुलगा बसला आहे आणि खाली छावणी पसरली आहे. बोर्नच्या पठडीत हा किल्ला म्हणजे देखणा अवशेष झाला असता. इथे तो हजारोंच्या डोक्यावरचे छप्पर झाला. आँरी कार्तिए-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींना भेटून गेले, आणि त्याच संध्याकाळी बिर्ला हाऊसच्या फाटकावर गांधीहत्येची बातमी सांगणारे नेहरू त्यांनी टिपले. ते चित्र अस्पष्ट आहे, उजेड अपुरा आहे. तरीही त्या संध्याकाळचा याहून सच्चा फोटो नाही.

रस्ता चौकटीच्या मध्यभागी

साठच्या दशकात हिंदुस्तान टाइम्समध्ये किशोर पारेख आणि स्टेट्समनमध्ये रघु राय यांनी वृत्तपत्रातला फोटो मजकुराच्या तावडीतून सोडवला. रघु राय यांचा चावडी बाजारातल्या रहदारीचा साठच्या दशकातला फोटो याचा उत्तम नमुना. हातगाड्या, जनावरे, माणसे आणि माल यांची अशी कोंडी की नजर कुठेच एका जागी ठरत नाही. त्यांचे दुसरे गाजलेले चित्र १९७७ च्या निवडणुकीचे. इंदिरा गांधींचे फाटके प्रचारपत्रक कचऱ्याबरोबर गोळा करणारा सफाई कामगार. सत्तापालटाची बातमी संसदेत न शोधता त्यांनी ती रस्त्यावर शोधली. त्याच वर्षी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांचे नाव मॅग्नम या संस्थेसाठी सुचवले.

रघु राय यांच्या दिल्लीत ऐतिहासिक वास्तू नेहमी कशाच्या तरी मागे असते: व्यायाम करणाऱ्याच्या, नमाज पढणाऱ्याच्या, उडणाऱ्या कबुतरांच्या. या पद्धतीचे इतके अनुकरण झाले की तिचाही साचा बनला. आज जुन्या दिल्लीत भल्या सकाळी ‘फोटोवॉक’ला निघालेल्या गटातले बहुतेक जण कबुतरांना दाणे टाकणारा म्हातारा, धुरातला चहावाला आणि तिरप्या उन्हातला हमाल हेच शोधत असतात.

छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या रंगीत भारतावर २०१६ मध्ये लेखक टेजू कोल यांनी घेतलेला आक्षेप इथे लागू पडतो. चित्र अतिपरिपूर्ण झाले की त्यातला माणूस सजावट बनतो. मॅकरी यांच्या काही चित्रांत संगणकावर फेरफार झाल्याचेही त्याच वर्षी उघड झाले. माणूस चौकटीत घेतला म्हणजे काम संपले असे नाही. त्याला तिथे काय म्हणून उभे केले, हे पाहावे लागते.

या प्रश्नाला दिल्लीतल्याच काही जणांनी दिलेली उत्तरे मोलाची आहेत. सुनील गुप्ता यांनी १९८६-८७ मध्ये ‘एग्झाइल्स’ ही मालिका केली. इंडिया गेट, हुमायूनचा मकबरा अशा सर्वांच्या ओळखीच्या जागी त्यांनी समलिंगी पुरुषांना उभे केले. पर्यटकांच्या नजरेला ही फक्त स्मारके होती. या पुरुषांसाठी त्या भेटण्याच्या, आणि लपण्याच्याही, जागा होत्या. कलम ३७७ मधली संमतीने होणाऱ्या संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती २०१८ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. दयानिता सिंह यांनी जुन्या दिल्लीतल्या कब्रस्तानात राहणाऱ्या मोना अहमद या हिजड्याचे फोटो वर्षानुवर्षे काढले. २००१ मध्ये पुस्तक आले तेव्हा त्यातला मजकूर मोनाच्या स्वतःच्या पत्रांचा होता. आणि विकी रॉय! नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर कचरा वेचणारा मुलगा, सलाम बालक ट्रस्टच्या निवाऱ्यात वाढला, कॅमेरा शिकला आणि २००७ मध्ये त्याने ‘स्ट्रीट ड्रीम्स’ हे प्रदर्शन भरवले. रस्त्यावरच्या मुलांचे फोटो त्याआधी हजारोंनी निघाले होते. आता त्यांच्यातलाच एक कॅमेऱ्यामागे होता.

इमारत गेली, फोटो उरला

स्मारकांचा फोटो काढताना आपण गृहीत धरतो की इमारत कुठे जात नाही. दिल्लीत हे गृहीतक फसते. कॅनॉट प्लेसच्या महट्टा स्टुडिओचे मदन महट्टा यांनी पन्नासच्या दशकापासून स्वतंत्र भारताच्या नव्या वास्तूंचे कृष्णधवल फोटो काढले. त्या वेळी ते वास्तुविशारदांसाठीचे व्यावसायिक काम होते. राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी प्रगती मैदानात १९७२ च्या व्यापार मेळ्यासाठी उभारलेला ‘हॉल ऑफ नेशन्स’ त्यांच्या कॅमेऱ्यात आहे: काँक्रीटच्या त्रिकोणी जाळीचे, आत एकही खांब नसलेले भव्य दालन. २३ एप्रिल २०१७ च्या रात्री ते पाडले गेले. साठ वर्षे पुरी झालेली नसल्याने वारसा म्हणून त्याला संरक्षण मिळाले नव्हते. आता महट्टांचे फोटो हाच त्या इमारतीचा पत्ता आहे.

राजधानी क्षेत्राच्या नव्या भागात हीच गोष्ट उलट्या चालीने घडते. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडातले जुळे मनोरे काही सेकंदांत खाली आले, तेव्हा आजूबाजूच्या गच्च्यांवर हजारो फोन आधीपासून रोखलेले होते. पाडणे हाच कार्यक्रम होता. गुरुग्राम आणि नोएडाच्या काचेच्या इमारतींचे फोटो विकासकांच्या जाहिरातींत मुबलक आहेत. त्या बांधणाऱ्या मजुरांचे फार थोडे. १८५८ नंतरची ही दुसरी रिकामी दिल्ली, फक्त या वेळी ती संगणकावर रिकामी केली जाते.

काय चालते, काय चालत नाही

कॅमेरा घेऊन दिल्लीला निघालेल्याला पडणारा पहिला व्यावहारिक प्रश्न परवानगीचा असतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातली १७४ स्मारके दिल्लीत आहेत. जुलै २०१८ पासून देशभरातल्या अशा स्मारकांच्या आवारात हौशी फोटोला मोकळीक मिळाली; अपवाद ठेवले ते ताजमहालातली मुख्य कबर, लेहचा राजवाडा आणि आपल्या अजिंठ्याची भित्तिचित्रे. ट्रायपॉड लावायचा किंवा व्यावसायिक चित्रीकरण करायचे तर आधी परवानगी लागते, आणि पहारेकऱ्याची नजर मोठ्या कॅमेऱ्यावर असते, फोनवर नाही. अक्षरधाम मंदिरात फोन आणि कॅमेरा दोन्ही दाराबाहेर ठेवावे लागतात, तर लोटस टेंपलच्या प्रार्थनागृहात फोटो काढता येत नाही. मेट्रोत रील बनवू नका, असे मेट्रो प्रशासन वारंवार बजावते. ड्रोनसाठी मध्य दिल्लीचा बराचसा भाग बंद आहे.

इमारतींच्या बाबतीत कायदा बऱ्यापैकी उदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ वास्तूंचे आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पांचे फोटो काढायला व छापायला मुभा देते. रस्त्यावरच्या माणसाच्या बाबतीत चित्र एवढे स्वच्छ नाही. सार्वजनिक जागेत फोटो काढायला सरसकट बंदी नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आहे, आणि स्त्रीचे तिच्या खासगी क्षणी चोरून चित्रीकरण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. जाहिरातीसाठी चेहरा वापरायचा तर लेखी संमती घेण्यातच शहाणपण.

कागदावरचा कायदा आणि जागेवरची पाटी यांत मात्र फरक पडतो. मे २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट भरात असताना, सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पाच्या कामाजवळ फोटो आणि व्हिडिओ काढण्यास मनाई करणाऱ्या पाट्या लागल्या. पालमच्या पाटीपाशी पंतप्रधान स्वतः उभे राहून फोटो काढू देत होते. या पाटीमागे खणलेला राजपथ होता, आणि लोकांच्या पैशाने चाललेले काम लोकांनी पाहायचे नव्हते.

ज्याचा फोटो, त्याचे काय?

गेल्या काही वर्षांत दिल्लीतल्या रस्त्यावरच्या फोटोंनी अवघड प्रश्न विचारले. फेब्रुवारी २०२० च्या ईशान्य दिल्लीतल्या दंगलीत जमावाने वृत्तछायाचित्रकारांना अडवून धर्म विचारला. मार्चच्या अखेरीस, टाळेबंदी लागल्यावर, आनंद विहारला गावाकडे निघालेल्या मजुरांची अफाट गर्दी उसळली. मे महिन्यात पीटीआयचे अतुल यादव यांनी निजामुद्दीन पुलावर फोनवर बोलताना रडणाऱ्या एका मजुराचा फोटो काढला आणि तो देशभर पोहोचला. त्या क्षणी यादव यांनी माणसाचे नाव विचारलेले नव्हते. मागाहून वृत्तपत्रांनी त्याचा शोध घेतला, तेव्हा कळले की त्याचे लहान मूल गेले होते आणि त्याला घरी पोहोचायचे होते. नाव कळेपर्यंत तो ‘स्थलांतरित मजूर’ होता. कळल्यावर बाप झाला.

एप्रिल २०२१ मध्ये रॉयटर्सचे दानिश सिद्दीकी यांनी ड्रोनमधून दिल्लीतल्या स्मशानात एकाच वेळी पेटलेल्या चिता टिपल्या. मृतांच्या खासगीपणावर हे आक्रमण आहे, असे अनेकांना वाटले. मृत्यूंच्या आकड्यांवर वाद चालू असताना दुसरा पुरावा काय होता, असा प्रतिप्रश्नही झाला. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. त्या उंचीवरून एकही चेहरा ओळखता येत नाही, पण किती, ते कळते. सिद्दीकी त्याच वर्षी जुलैत कंदाहारजवळ मारले गेले. २०२२ चे पुलित्झर पारितोषिक रॉयटर्सच्या ज्या चमूला मिळाले त्यात त्यांचे नाव होते.

याच्या दुसऱ्या टोकाला यमुनेचे फोटो आहेत. छठपूजेच्या दिवसांत कालिंदी कुंजपाशी नदीवर पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगतात. प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यातले साबण आणि फॉस्फेट ओखला बंधाऱ्यावरून कोसळताना घुसळले जातात, त्याचा हा फेस. त्यात कंबरभर उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देणाऱ्या बायकांचे फोटो दरवर्षी छापून येतात. बायका ढगांत उभ्या असल्यासारखे हे फोटो सुंदर दिसतात, आणि हीच त्यांची अडचण आहे. खाली दोन ओळी नसतील तर प्रदूषण हे दृश्य बनते. हिवाळ्यात काश्मिरी गेटजवळच्या यमुना घाटावर याहून निरुपद्रवी वाटणारा उद्योग चालतो. उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी, होडी, नावाडी आणि शेवेची पुडी. नावाडी शेव भिरकावतो, शेकडो पक्षी झेपावतात आणि होडीतले कॅमेरे एकदम कडकडतात. धुके, पंख आणि सोनेरी पाणी, सगळे असते. तळलेली शेव पक्ष्यांना चांगली नाही, हे पक्षीतज्ज्ञ सांगत राहतात. फोटोसाठी घडवून आणलेला हा निसर्ग आहे, आणि त्यावर नावाड्याचे हिवाळ्याचे पोट आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

उजेड, दिशा आणि वेळ

तंत्राबद्दल फार बोलायचे कारण नाही, पण दिल्लीच्या उजेडाची काही गणिते माहीत हवीत. जामा मशिदीचा दर्शनी भाग पूर्वेकडे, म्हणून सकाळचे ऊन तिच्या कमानींवर पडते. लाल किल्ल्याचा लाहोरी दरवाजा पश्चिमेकडे, त्याला दुपारनंतर पाहावे. हुमायूनच्या मकबऱ्याला आपण पश्चिमेच्या दरवाजातून जातो, त्यामुळे संध्याकाळी त्याचा तांबडा दगड उजळतो. रायसिना टेकडीवर सूर्य राष्ट्रपती भवनाच्या मागे मावळतो. पावसाळा सरल्यावर हवा धुतलेली असते. नोव्हेंबरपासून धुरके सावल्याच पुसून टाकते. धुरक्यातला मऊ उजेड अनेकांना मोहात पाडतो, पण ते विष आहे हे फोटोतून कळत नाही.

जुन्या दिल्लीत उजेडापेक्षा वेळ महत्त्वाची. २०२१ पासून चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारगाड्यांना बंदी आहे. लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंत चालत गेले की पुढे खारी बावली लागते. तिथे मिरचीच्या गोण्या पाठीवर घेऊन हमाल अरुंद जिन्यांवरून चढ-उतार करतात, हवेत तिखट असते आणि नवखा माणूस पहिल्या पाच मिनिटांत ठसकायला लागतो. गडोदिया मार्केटच्या गच्चीवरून हा सगळा चौक खाली दिसतो, म्हणून छायाचित्रकार वर धावतात. वरून चित्र छान येते. खाली, गोणीच्या उंचीवर, खोकत उभे राहून काढलेल्या फोटोत मात्र ओझे दिसते.

जपणूक आणि फोटोओळ

एवढे सगळे काढलेले फोटो राहतात कुठे? दीनदयाल यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने जपल्या आहेत. पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझी यांनी नाट्यक्षेत्रातल्या मोठ्या कारकिर्दीच्या जोडीला एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय फोटोंचा प्रचंड संग्रह उभारला. तो दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनमध्ये आहे, होमाई व्यारावालांचे कामही तिथेच. सगळ्यांचे नशीब असे नसते. मोरी गेटला स्टुडिओ असलेले कुलवंत राय जगप्रवासाला गेले आणि वाटेवरून निगेटिव्ह टपालाने घरी धाडत राहिले. त्या पोहोचल्याच नाहीत. परतल्यावर ते दिल्लीचे उकिरडे शोधत हिंडले. त्यांचा उरलेला संग्रह आदित्य आर्य यांनी सांभाळला, आणि २०१९ मध्ये गुरुग्रामला म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालयही उभे केले.

पण नुसता फोटो जपून भागत नाही. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे छत बहुतेक मराठी प्रवासी टिपतात. त्या छताची चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेचा खर्च भागवण्यासाठी उतरवली होती. फोटोत छत दिसते, गेलेली चांदी दिसत नाही. ती सांगायला फोटोओळ लागते. फोनमधल्या हजारो चित्रांना तारीख आणि जागा आपोआप मिळते. नाव आणि कारण आपणच लिहावे लागते, आणि ते कुणी लिहीत नाही.

इंडिया गेटवर गळ्यात कॅमेरा आणि पिशवीत छोटा प्रिंटर घेऊन फिरणारे फोटोवाले अजून दिसतात, फोनमुळे धंदा आटला असला तरी. कलेच्या कोणत्याही इतिहासात त्यांची नोंद नाही. पण ते माणसाला विचारतात, त्याला स्मारकाच्या पुढे उभे करतात, पैसे ठरवतात आणि फोटो त्याच्याच हातात देतात. बिआतोपासून मॅकरीपर्यंतच्या दिल्लीच्या मोठमोठ्या छायाचित्रकारांपैकी किती जणांनी एवढे केले? दिल्लीत कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने निदान हा धडा त्यांच्याकडून घ्यावा. सकाळी सहाला रिकामा मकबरा गाठण्यापेक्षा अकराला जावे, गर्दी चौकटीत येऊ द्यावी, ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याला विचारावे, आणि घरी आल्यावर खाली दोन ओळी लिहाव्यात. रिकाम्या दिल्लीचे फोटो १८५८ मध्येच पुरेसे निघाले आहेत.